बाबासाहेबांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद आजारपणामुळे सोडलं का?

नाही. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, त्यामुळे तर्क करायची गरजच नाही.

आजारपण मात्र खरं होतं. मधुमेह जुना होता आणि इन्शुलिन चालू होतं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायांच्या नसा खराब होतात. मग रात्री पाय ठणकतात, झोप लागत नाही. १९४७-४८ मध्ये बाबासाहेबांची हीच अवस्था होती. उपचारासाठी मुंबईत जाणं-येणं असतानाच डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्याशी लग्न झालं. त्याच सुमारास संविधानाच्या मसुदा समितीचं कामही चालू होतं. समितीच्या बैठका १४१ दिवस चालल्या. सातपैकी बहुतेक सदस्य या ना त्या कारणाने गैरहजर राहिले आणि भार बाबासाहेबांवर पडला, हे समितीचे सदस्य टी. टी. कृष्णमाचारींनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेतच सांगितलं.

आता राजीनामा. लोक इथे कारण आणि घाई यांची गल्लत करतात. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी नेहरूंना पत्र लिहिलं: तब्येतीची काळजी वाटते, डॉक्टर महिनाभर उपचार घ्या म्हणतात, पण त्याआधी हिंदू कोड बिल (हिंदूंचे विवाह-वारसा कायदे सुधारणारं विधेयक) मार्गी लागायला हवं, म्हणून ते लवकर घ्या. म्हणजे दुखणं त्यांना थांबवत नव्हतं, कामाची घाई करायला लावत होतं. बिल सप्टेंबरमध्ये चर्चेला आलं आणि चार कलमं मंजूर झाल्यावर बाजूला पडलं. २७ सप्टेंबरला राजीनामा गेला. संसदेत वाचू न दिलेलं निवेदन ऑक्टोबरमध्ये त्यांनी वृत्तपत्रांना दिलं. आजारपणाचं कारण चिकटवलं जाणार हे त्यांनी आधीच ओळखलं होतं, म्हणून त्या निवेदनात ते स्पष्ट शब्दांत नाकारलं. अनुसूचित जातींकडे झालेलं दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण आणि हिंदू कोड बिल, ही कारणं तिथे सविस्तर आहेत. कुणी वाद घालत असेल तर आधी ते निवेदन पूर्ण वाचायला सांगा.

लोकांच्या मनात हे आजारपण का नाही, हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुतळ्यातले बाबासाहेब ताठ उभे असतात, सुटाबुटात, हातात संविधान, बोट उंचावलेलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकून राहायला लावलं, त्यांनी हीच प्रतिमा जपावी हे अगदी रास्त आहे. पण दुखरे पाय झाकल्याने त्यांची थोरवी वाढत नाही, उलट कमी मोजली जाते. १९५६ चा शेवट बघा. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा, नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद, ६ डिसेंबरला दिल्लीत झोपेतच निधन, ७ तारखेला दादरला अंत्यसंस्कार. दीक्षेपासून निधनापर्यंत पुरते आठ आठवडेही नाहीत. वय ६५. चैत्यभूमीवर रांगेत उभं राहताना हा हिशेबही आठवावा, असं मला मनापासून वाटतं.