बोर्डाच्या कोपऱ्यातली सही

चि. पोरीस,

तुझं नाव या पत्रात घालत नाही. आयुष्यभर ‘खाली सही करा’ म्हणून लोकांचं डोकं खाल्लेला माणूस तुझंच नाव गाळतोय म्हणून हसशील. हस. माझी सही खाली आहे, तेवढं पुरे.

परवा तू दुकानात आलीस तेव्हा भाचा मशीनवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स काढत होता. त्या घरघरीत तुझं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही. जेवढं कानावर पडलं त्यावर रात्रभर कूस बदलत होतो. अव्वाचे, म्हणजे तुझ्या आजीचे, विडी वळणारे हात तू व्हिडिओत घेतलेस आणि तुझ्या त्या बीटीएस बँडमधल्या कोरियन पोरांच्या गाण्यावर बसवून टाकलेस. पेजवरची फॅन मंडळी म्हणाली, इथं पॉलिटिक्स नको. मोर्चातल्या मैत्रिणी म्हणाल्या, आजीच्या घामाची रील करून लाइक गोळा करतेस. आणखी कुणी म्हणालं, गेल्या आठवड्यातल्या त्या प्रकरणावर गप्प होतीस, म्हणजे तुझी बाजू समजली. आणि रात्री दीड वाजता तू तीन वर्षांचं इन्स्टाग्रामचं खातं उडवून टाकलंस. चित्रांसकट.

चित्रांसकट! बाकीचं सगळं समजू शकतो बघ मी.

जाताना दारात थांबून विचारलंस, ‘मामा, मी नक्की कोण? फॅन, कार्यकर्ती, का आर्टिस्ट?’ गिऱ्हाईक आलं म्हणून उत्तर राहिलं. खरं तर हा प्रश्न तुझा नाहीच, तुझ्या तोंडी कुणीतरी घातलाय. वीस वर्षं मी याच दोन हातांनी पूर्व भागातल्या टॉकीजचे तेलुगू सिनेमांचे बॅनर रंगवले, पूनम गेटसमोरच्या धरण्यांचे बोर्ड रंगवले, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीचे पडदे रंगवले. सफेदा एकाच डब्यातला. दिवसा हिरोच्या गालाला लावलेला गुलाबी उरला की रात्री ‘किमान वेतन’मधल्या ‘कि’ला जायचा. घरी तेलुगू, दुकानात मराठी, शिव्या कानडीत, असं आमचं सोलापूर. इथं एका माणसानं एकच असावं असा हट्ट कुणी धरला नव्हता. मला विचारायचे ते एवढंच, की पेंटर, कधी देतोस?

तेव्हा तू कोण, हे मला विचारू नकोस. सही कुणाची आहे, ते विचार.

बॅनर कसा व्हायचा ते तुला कधी दाखवलं नाही. मांजरपाट चौकटीवर ताणायचं, सरस आणि खडूचा हात द्यायचा. निळीत बुडवलेली सुतळी दोघांनी दोन्हीकडून धरून मधे टिचकी मारायची, की रेघ उमटते. अशा उभ्याआडव्या रेघा मारून चौकोन पाडायचे आणि तेवढेच चौकोन पेन्सिलीनं हातातल्या फोटोवर. मग एका चौकोनात एक डोळा. जवळून चेहरा कधी कळायचा नाही, नुसते रंगाचे फटकारे दिसायचे. रस्ता ओलांडून चहाच्या गाड्यावर जायचं, तिथून मान तिरकी करून बघायचं. सगळं जमलं की शेवटी बारीक ब्रशनं उजव्या कोपऱ्यात सही. माझे उस्ताद म्हणायचे, सही नसलेला बोर्ड म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, परत कुठं येणार?

हे मला कळलं कधी, ते सांगतो. चांगली गोष्ट नाही.

१९८९ सालची. विडी कारखान्यात तयार मालातला छाट फार काढतात म्हणून बायका चिडल्या होत्या. तुझ्या घरातलीच गोष्ट आहे, समजावून सांगायला नको. दिवसभर सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळायच्या, आणि तपासणारा त्यातल्या मूठ मूठ विड्या छाट म्हणून बाजूला टाकणार. पाला तुझाच गेला, हात तुझेच गेले, मजुरी मात्र कापलेली. माझी आईही त्याच रांगेत बसायची. रात्री अकराला दोन पोरं आली, म्हणाली, गेटसमोर बोर्ड पाहिजे, सकाळी सहाच्या आत. मी लिहिला. तपासणाऱ्याचं आडनाव आणि पुढं ‘चोर’, लाल अक्षरात, काळी सावली देऊन. अक्षर काय उतरलं होतं! सही केली नाही. भानगड नको म्हणून.

आपल्याकडं एका गल्लीत एका आडनावाची दहा घरं. त्या कारखान्यात त्या आडनावाचे दोघं होते. छाट काढणारा तरणा. दुसरा म्हातारा, हिशेबाच्या वह्या लिहिणारा, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. दगड म्हाताऱ्याच्या दारावर पडले. त्याच्या नातवाला शाळेत पोरं ‘ए चोर’ म्हणायला लागली. बोर्ड अकरा दिवस तिथंच होता. अकरा दिवस मी त्या रस्त्यानं गेलो नाही, लांबचा वळसा घालून जात होतो.

आता ऐक. कोपऱ्यात माझी सही असती तर म्हातारा सरळ दुकानात आला असता. दोन शिव्या दिल्या असत्या, मी चार खाल्ल्या असत्या, आणि डबा घेऊन जाऊन त्याच दुपारी नाव दुरुस्त केलं असतं. बायकांची तक्रार खरीच होती, ती राहिली असती. सही म्हणजे ऐट नाही गं, जाब विचारायला यायचा पत्ता आहे. तो मी खोडून ठेवला होता. म्हातारा वारला तेव्हा मी मयतीला गेलो, शेवटच्या रांगेत उभा राहिलो आणि काही न बोलता परत आलो.

म्हणून त्या स्क्रीनशॉटवरून मी तुझ्यावर ओरडलो. त्या बँडच्या फोटोंची कार्डं मागवायला तुम्ही फॅन मिळून पैसे काढता, त्या ग्रुप ऑर्डरचे पैसे खाणाऱ्यांची यादी, बनवली कुणी माहीत नाही, आणि तू ती पुढं ढकललीस. ‘मी फक्त शेअर केलं, मामा.’ पुढं ढकलणं हीसुद्धा सहीच आहे. तू त्या यादीखाली तुझं पेज लावलंस. पैसे खाल्ले असतील यादीतल्या त्या मुलीनं, मी कुठं नाही म्हणतोय? मग तू लिही, अमुक तारखेला मी इतके रुपये दिले, माल आला नाही, आणि खाली तू. एवढंच तुला माहीत आहे, एवढ्यावरच तुझी सही बसते.

मग तू म्हणालीस, मुलीनं खरं नाव लावलं की इनबॉक्सात काय काय येतं ते तुम्हाला माहीत नाही. बरोबर आहे, मला माहीत नाही. आणि वर मला गाठलंसच तू: ‘बाबासाहेबांनी तरी मूकनायकवर स्वतःचं नाव कुठं लावलं होतं?’ १९२० साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, सरकारी नोकरी, त्यामुळं संपादक म्हणून नाव होतं पांडुरंग नंदराम भटकर यांचं. खरं आहे. मी दोन मिनिटं गप्प झालो ते तू पाहिलंस, आणि ओठ दाबून हसलीसही.

पण भटकरांचं नाव होतं की नाही? जाब विचारायला एक माणूस होता की नाही? माझी सहीसुद्धा माझं नाव नव्हती. उडता बगळा आणि खाली साल. आधार कार्डावरचं नाव त्यात कुठंच नाही. पण कन्ना चौकात कुणालाही बगळा दाखवला तर तो दुकानापर्यंत आणून सोडायचा. तू टोपणनाव घे, मांजराचं तोंड लाव, काहीही लाव. फक्त तेच ठेव. आज एक, उद्या दुसरं, भांडणापुरतं तिसरं, असं करू नकोस. हे मी आता सुचलं म्हणून मांडतोय असं तुला वाटेल. थोडंफार तसंच आहे. तरी खरं आहे.

घरच्यांची भीती मला कळते. २०१२ साली पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, दुसरीनं नुसतं लाइक केलं, पोलिसांनी दोघींनाही धरलं. आयटी कायद्यातल्या ज्या ६६-अ कलमाची तेव्हा इतकी दहशत होती ते सुप्रीम कोर्टानं २०१५मध्ये रद्द केलं, पण आईच्या पोटातला गोळा कोर्टाच्या निकालानं जात नसतो. म्हणून आईपासून लपवू नकोस. काय लिहितेस ते तिला वाचून दाखव. सही करायची तर पहिली घरात कर.

आणि गप्प बसण्याबद्दल. प्रत्येक प्रकरणावर तुझं निवेदन मागणाऱ्यांना उत्तर द्यायचं नाही. कोऱ्या भिंतीवर सही कुणी मागतं का?

फॅन असण्याची लाज मात्र धरायची नाही, ते मी ऐकून घेणार नाही. २०२०च्या जूनमध्ये त्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चळवळीला दहा लाख डॉलर दिले आणि चाहत्यांनी दिवसभरात तेवढेच जमवले, हे तूच मला सांगितलंस, डोळे मोठे करून. मला नवल वाटलं नाही. १९९८ साली चिरंजीवींनी हैदराबादेत रक्तपेढी काढली तेव्हा रक्त द्यायला चाहतेच रांगेत होते. आमच्या पोरांना पडद्यावर नारळ फोडायचं वेड होतं, तेच पोरगं रात्री दोनला दवाखान्यात बाटली द्यायला पळायचं. वेड एकच असतं.

पण त्याच पोरांनी माझ्याकडून एक पुसून घेतलं, ते सांगायचं आहे. खरं तर पत्र त्याच्यासाठीच घेतलं होतं, भलतीकडंच गेलो.

एका बॅनरवर हिरोच्या पायाशी गर्दी दाखवायची होती. चाळीस तोंडं. कंटाळा आला म्हणून, की कशानं, कोपऱ्यातल्या एका तोंडाला मी आईचं तोंड दिलं. मांडीवर सूप, हातात कात्री, आणि नजर हिरोकडं नाही, समोर रस्त्याकडं. चहाच्या गाड्यावरून बघितलं तेव्हा पोटात हललं माझ्या. एवढं चांगलं मी आधी काढलं नव्हतं. नंतरही नाही. संध्याकाळी फॅन मंडळाची पोरं आली. म्हणाली, ‘ए पेंटर, ही म्हातारी काय बे मधेच? काढ तिला.’ मी सफेदा घेतला आणि काढलं. पाच मिनिटं लागली.

साडेतीनशे रुपये यायचे होते त्यांच्याकडून. बहिणीचं लग्न ठरलेलं. दुसऱ्या दिवशी सिनेमा लागणार होता, नाही म्हटलं असतं तर पुढचे बॅनर दुसऱ्याकडं गेले असते. हे हिशेब मी तीस वर्षं करतोय आणि दर वेळी बरोबरच येतात. पोट होतं. तू माझ्या जागी असतीस तर तूही तेच केलं असतंस.

पण तुला पोट कुठं होतं? साडेतीनशे रुपये कुणाकडून यायचे होते? दहा-बारा जणांनी ‘ही म्हातारी मधेच काय’ म्हटलं आणि तू आख्खा बॅनरच जाळलास. माझं निदान चाळीसातलं एक तोंड गेलं. सही करता येईल तेवढंच लिही, आणि एकदा सही केलीस की पुसू नकोस. चुकलं तर खाली लिही, चुकलं. तारीख टाक. तसं लिहिलेलं राहू दे.

कॉलेजला जाताना रोज चार पुतळ्यावरून जातेस, आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या. त्यातले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं तेव्हा वीस-बावीस वर्षांचे होते, तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. तुला फाशी द्यायला कुणी येत नाही. कमेंट येतात, कमेंट.

रागावलो. पुढचं नीट वाच.

भाच्याला विचारलं. तो म्हणतो, इन्स्टाग्रामचं खातं डिलीट केलं तरी ३० दिवसांच्या आत परत लॉग-इन केलं तर सगळं जागेवर मिळतं. तुझा आज सहावा दिवस. म्हणजे चित्रं अजून आहेत.

त्याच्या आधी अव्वाजवळ बस. तो व्हिडिओ तिला दाखव, गाण्यासकट. तिला विचार, टाकू का. तुझ्या मोर्चातल्या मैत्रिणींच्या बोलण्यात तेवढं एक बरोबर होतं, हात तिचे आहेत आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. कुंभारीच्या माळावर विडी वळणाऱ्या बायकांना १० हजार घरं मिळेपर्यंत मोर्चे काढलेली बाई आहे ती, तिला हो-नाही म्हणता येतं. नाही म्हणाली तर तेवढा एक व्हिडिओ काढ, बाकी हात लावू नकोस. हो म्हणाली तर खाली तिचंही नाव घाल, तिला पाहिजे तसं.

झालं की दुकानात ये. मांजरपाटाचा एक तुकडा अजून माझ्याकडं आहे, सुतळी तू एका बाजूनं धर. दुपारी एक ते चार येऊ नकोस, ऊन फार आहे. शटर अर्धं खाली दिसलं तरी आत असतो मी, हाक मार.

तुझा मामा
(बगळा काढलाय, थोडा वाकडा आलाय, हात थरथरतो आता)