इंग्रजीतल्या राइज-रेझ (rise-raise) आणि लाय-ले (lie-lay) मध्ये कायम गोंधळ होतो, कसं लक्षात ठेवू?

तुम्ही म्हणताय स्पर्धा परीक्षेसाठी या जोड्या पाठ केल्या तरी पेपरात उलटसुलट होतात. होणारच, पाठांतराने हे जमत नाही आणि खरं तर गरजही नाही, कारण हाच फरक मराठीत तुम्ही रोज न चुकता करता. झाड पडलं, झाड पाडलं. भाव वाढले, भाव वाढवले. इथे कधी गडबडता का? मग राइज म्हणजे वाढणं किंवा वर येणं आणि रेझ म्हणजे वाढवणं किंवा वर करणं, संपलं. 'प्राइसेस हॅव रिझन', पण 'द कंपनी हॅज रेझ्ड प्राइसेस'. सूर्य राइज होतो, वर्गात हात रेझ करतात.

जुन्या इंग्रजीतही आपल्यासारखी पडणं-पाडणं अशी क्रियापदं 'करवून' घ्यायची सोय होती, ती मेली आणि सिट-सेट, लाय-ले, फॉल-फेल अशा जोड्या मागे राहिल्या (हा फेल म्हणजे झाड पाडणं, नापासवाला नाही).

खरी डोकेदुखी लाय-ले. लाय म्हणजे आडवं होणं, पडून राहणं आणि ले म्हणजे ठेवणं, घालणं, बसवणं. पोल्ट्रीवाले अंड्याच्या कोंबडीला 'लेयर' म्हणतात ना, ती अंडी घालते म्हणून. कोनशिलेवर 'लेड बाय' आणि पुढे मंत्र्यांचं नाव असतं तेही हेच, कारण दगड कुणीतरी बसवलाय. इथवर सोपं आहे, पण लायचा भूतकाळ नेमका 'ले' होतो आणि पेपर काढणारा तिथेच टपून बसलेला असतो. लाय-ले-लेन (lie-lay-lain) आणि ले-लेड-लेड (lay-laid-laid). म्हणजे 'आय ले ऑन द बेड ऑल डे यस्टरडे' बरोबर, तिथे लेड टाकलं की मार्क गेला. खोटं बोलण्याचा लाय वेगळाच, त्याचं सरळ लाइड होतं.

आणि हो, सिरीज बघून इंग्रजी शिकत असाल तर सांभाळा, अमेरिकन लोक बोलताना सर्रास 'आय ॲम गोइंग टू ले डाउन' म्हणतात. बोलण्यात खपतं, पेपरात मात्र लाय डाउनच लिहा.

बॉरो-लेंडला ही युक्ती चालत नाही बरं का, तिथे दोन्हीकडे उसनंच आहे, घेतलं तर बॉरो आणि दिलं तर लेंड.