डेस्कटॉप आणि ऑपरेटिंग सिस्टीम: ‘एकात्मीकरण’ की ‘सांधा’?

प्रश्न असा आहे की, डेस्कटॉप एन्व्हायरन्मेंट (पडद्यावरच्या खिडक्या, मेनू वगैरे सांभाळणारा भाग) आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांचे ‘इंटिग्रेशन’ किती खोलवर असावे, याविषयी मराठीत लिहिताना ‘एकात्मीकरण’, ‘एकत्रीकरण’ आणि ‘विलीनीकरण’ यांपैकी कोणता शब्द वापरावा.

‘विलीनीकरण’ आधीच बाजूला ठेवावा. संस्थानांचे किंवा बँकांचे विलीनीकरण झाले की विलीन होणाऱ्याचे वेगळे अस्तित्व उरत नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर ग्नोम, केडीई किंवा एक्सएफसीई या डेस्कटॉपांचे तसे झालेले नाही. ‘एकत्रीकरण’ म्हणजे सुटे तुकडे एका ठिकाणी आणणे, मग ते जमिनीचे असोत वा माहितीचे. त्या तुकड्यांचा परस्परांशी व्यवहार कसा चालतो हे त्यातून कळत नाही. ‘एकात्मीकरण’ चुकीचा नाही. मात्र चर्चेचा मुद्दाच ‘किती’ हा असताना तो मात्रा दाखवत नाही, आणि ‘एकात्मता’ आपण नेहमी सद्गुण म्हणूनच उच्चारत असल्यामुळे वादाला तोंड फुटण्याआधीच तो एका बाजूला कौल देतो.

मात्रा दाखवणारे शब्द आपल्याकडे रुळलेले आहेत. मॅकओएसचा डेस्कटॉप तिच्याशी ‘एकजीव’ आहे. तो काढून दुसरा बसवण्याची सोयच नाही. लिनक्सवर जे असते त्याला मी ‘सांधा’ म्हणेन, कारण तेथे दोन्ही भाग वेगळे राहून एकमेकांना धरून चालतात. लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर काय होते ते पाहावे. लिनक्सवर सेवा, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम, सुरू करून सांभाळते ती सिस्टीमडी. तिचा लॉगिन सांभाळणारा लॉगिनडी हा घटक ‘यंत्र आता निद्रावस्थेत जाणार’ असा संदेश डी-बस या प्रोग्रॅमांमधील संदेशवाहिनीवरून पाठवतो. डेस्कटॉपने आधीच ‘थोडे थांबा’ असा अडसर घालून ठेवलेला असतो, त्यामुळे त्याला पडदा कुलूपबंद करण्यास अवधी मिळतो आणि मगच तो अडसर काढतो. त्याने तो काढलाच नाही, तर मूळ मांडणीनुसार 5 सेकंदांनंतर लॉगिनडी त्याची वाट पाहत नाही. हा सांधा सैल असता, तर यंत्र जागे होताच आपली कागदपत्रे क्षणभर तरी कोणाच्याही नजरेस पडली असती. म्हणून येथे घट्टपणा हवाच, असे माझे ठाम मत आहे.

घट्टपणाहून वेगळी गोष्ट म्हणजे ‘अवलंबन’. 2010 मध्ये आलेली सिस्टीमडी लिनक्सपुरती आहे; ग्नोम तिच्या लॉगिनडीवर विसंबू लागला तेव्हा सिस्टीमडी न वापरणाऱ्या लिनक्स वितरणांसाठी (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार संचांसाठी) लॉगिनडी सुटा काढून ‘ईलॉगिनडी’ तयार करण्यात आला. संदेशांचे स्वरूप तेच राहिल्याने पलीकडचा भाग बदलूनही काम चालले. म्हणजे तो सांधाच होता. 2025 च्या ग्नोम 49 मध्ये मात्र लॉगिननंतरच्या सत्रातील सेवा सुरू करण्याची ग्नोमची स्वतःची व्यवस्था काढून ते काम सिस्टीमडीवर सोपवण्यात आले, आणि सेवा चालवणे हे ईलॉगिनडीचे काम नव्हे, त्यामुळे येथे तो सिस्टीमडीची जागा घेऊ शकत नाही. येथे ‘एकात्मीकरण वाढले’ असे लिहिल्यास फ्रीबीएसडीसारख्या, लिनक्स नसलेल्या आणि म्हणून सिस्टीमडी नसलेल्या प्रणालींवर ग्नोम चालवू पाहणाऱ्यांची अडचण वाक्यातून पुसली जाते; ‘अवलंबन वाढले’ असे लिहिल्यास ती दिसते.

राहता राहिले ‘खोलवर’ हे क्रियाविशेषण. ते इंग्रजीतून उचललेले आहे; मराठीत सांधा घट्ट किंवा सैल असतो. त्यामुळे या विषयावरील लेखाचा प्रश्न ‘डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टीमशी किती घट्ट सांधलेला असावा, आणि कोणत्या घटकावर अवलंबून नसावा’ असा मांडावा.