निर्यातीत जायचंय, पण शिकू काय?

प्रश्न : मी रत्नागिरीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. देवगडजवळ आमची दीडशे कलमं आहेत. पेट्या वाशीच्या घाऊक बाजारात जातात, भाव दलाल ठरवतो. न्यूझीलंडसारख्या छोट्या देशातल्या कंपन्यांना जगाच्या बाजारात एवढा मान कसा? मला याच क्षेत्रात यायचंय. मुंबईला जाऊन एमबीए करू का?

उत्तर : एमबीएचं नंतर बघू. आधी न्यूझीलंडची किवी बघ. फळ मूळचं चीनचं, बिया तिकडे गेल्या १९०४ मध्ये. पुढे ऐंशीच्या दशकात तिथले निर्यातदार एकमेकांचे भाव पाडत बसले आणि बागायतदार बुडायला आले. १९८८ मध्ये निर्यात एका मंडळाकडे सोपवली गेली. १९९७ पासून ती किवी 'झेस्प्री' नावाने विकली जाते. कंपनी बागायतदारांचीच. बागेतला नमुना तपासणीत पास झाल्याशिवाय तिथे तोडणी होत नाही आणि चवीला सरस फळाला पैसे जास्त मिळतात. पन्नासेक लाख वस्तीच्या देशाचा शब्द बाजारात चालतो तो यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

आता आपली पेटी आठव. वरचा थर देखणा, कापलं की आत साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा खराब गर. गिऱ्हाईक तुझी बाग आणि शेजाऱ्याची बाग ओळखत नाही, ते 'देवगड' या नावालाच बोल लावतं. २०१४ मध्ये फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने भारतीय आंबाच बंद केला, तेव्हा स्वच्छ माल पाठवणारेही अडकले. ती बंदी २०१५ मध्ये उठली. कीड मारायला जपानला बाष्पप्रक्रिया, म्हणजे गरम वाफ दिलेली लागते, अमेरिकेला विकिरण, म्हणजे किरणांचा मारा. हे नियम वाचून वडिलांना समजेल अशा भाषेत सांगणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. तुझी जागा मला तिथे दिसते.

म्हणून परीक्षेनंतरचा हंगाम निर्यात करणाऱ्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे फळ निवडून पेट्या भरतात तिथे काढ, पगार कमी मिळाला तरी. प्रतवारी, कीडनाशकांच्या अंशाचे अहवाल, माल कीडमुक्त असल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र हे सगळं हाताखालून जाऊ दे. मग कॅट ही एमबीएची प्रवेश परीक्षा देऊन आयआयएफटी या परदेशी व्यापार शिकवणाऱ्या संस्थेसाठी प्रयत्न कर. तिथे शिकवलेलं तुला तेव्हा जास्त उमजेल.

आणखी एक. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या आंब्यासाठी राखलं गेलं. वडिलांची त्या नावाचे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसेल, तर अर्ज तू भर, वाडीतल्या चार घरांचेही भर. एकट्या दीडशे कलमांसाठी परदेशी खरेदीदार फोन उचलत नाही. त्या निमित्ताने सगळे जमतील तेव्हा विचार : मार्चचा चढा भाव सोडून सगळे जण चौदा आणे, म्हणजे झाडावर जवळजवळ पूर्ण तयार झालेला आंबाच उतरवतील का?