पहिलं चेनसॉ मशीन हप्त्यावर घेऊ का? भुदरगडच्या एका भावाला उत्तर

भावा, तुझं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गारगोटीजवळचं गाव, वय २८, दोन एकर ऊस, तीन म्हशी, दूध गोकुळला. बांधावर निलगिरी, सुबाभूळ, थोडी बाभळ, आणि वळवाच्या पावसात दरवर्षी एखाददुसरं झाड आडवं होतंयच. गेल्या वर्षभरात ती झाडं कापायला चेनसॉ मशीनवाल्याला ७ दिवस बोलावलंस, दिवसाला १,५०० रुपये दिलेस. म्हणून आता स्वतःचं मशीन घ्यायचं आणि जमलं तर गावातली कामं पण धरायची असं तुझ्या मनात आहे. कोल्हापुरातल्या दुकानदारानं चांगल्या कंपनीचं, १६ इंची बारचं (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी), ३२ सीसीच्या आसपासचं मशीन रोख २९,००० ला सांगितलंय, नाहीतर 'बिनव्याजी' ६ हप्त्यांत ३२,००० आणि वर फी ५९०. ऑनलाइन बिननावाचं ५८ सीसीचं ८,५०० ला दिसतंय. पतसंस्थेत ६०,००० ची ठेव आहे, मुदत संपायला ८ महिने. ठेव मोडू, हप्ते करू, का स्वस्तातलं घेऊन बघू, असा तुझा प्रश्न.

माझं मत आधीच सांगतो. आत्ता घेऊ नको. दिवाळीनंतर घे, दुकानातलंच घे, हप्त्यावर घेऊ नको, आणि तेही वर्षाला २० दिवसांचं बाहेरचं काम दिसत असेल तरच.

आता हिशोब बघ. मशीन २९,००० चं, पण घरी येईस्तोवर ते ३९,००० चं होतंय. जाळी आणि कान झाकायचं असलेलं हेल्मेट, पायाला चेन लागू नये म्हणून मिळणारी ती जाड पॅन्ट किंवा चॅप्स, पुढं टोपी असलेले बूट, एक जादा चेन, कानस, पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल, चेन ऑइल, मिक्स करायला कॅन, ह्याला ८-१० हजार बाजूला काढायलाच लागतील. ह्यातलं हेल्मेट आणि चॅप्स लोक पहिल्या झटक्यात वगळतात, "नंतर बघू" म्हणतात. भावा, ते नंतर कधीच होत नाही. माझ्या हिशोबात ते मशीनच्याच किमतीत धरलंय, त्याच्याशिवाय बजेट बसत असेल तर बजेट बसत नाहीये असं समज.

रोजचा खर्च म्हणजे पेट्रोल, दोन्ही ऑइलं आणि चेनची झीज धरून ४५० च्या आसपास. मशीनवाला १,५०० घेत होता म्हणजे तुला वाटणार दिवसाला १,०५० वाचले. पण त्या १,५०० मध्ये त्याची अंगमेहनत पण होती, आता ती तू करणार, त्या दिवशी तुझं शेतातलं काम राहणार, तर स्वतःची ५०० मजुरी तरी धर. राहिले ५५०. वर्षाला ७ दिवस म्हणजे ३,८५०. ह्या चालीनं ३९,००० फिटायला १० वर्षं लागतील. नुसत्या घरच्या कामासाठी हे मशीन परवडत नाही, मशीनवाल्याला बोलवत राहिलास तर त्यात काही कमीपणा नाही, उलट शहाणपणा आहे.

बाहेरचे २० दिवस धरले की चित्र बदलतं. २७ दिवस गुणिले ५५० म्हणजे १४,८५०, साधारण पावणेतीन वर्षांत पैसे सुटतात, आणि नीट सांभाळलेलं मशीन त्याच्या पुढं बरंच चालतंय. म्हणून सगळा प्रश्न त्या २० दिवसांवर येऊन थांबतो. तू लिहिलंयस "गावातले सगळे म्हणतात तू घे, आम्ही तुलाच बोलावतो". ही माणसं खोटं बोलत नाहीत, पण पैसे द्यायच्या वेळी "घरचाच आहे, बघू की ऊस बिल आल्यावर" असं होतंय, हे तुला मी सांगायला नको. वहीत नावं लिही, कुणाचं काय काम, किती दिवसांचं, आणि त्यातले निदान ५-६ जण थोडातरी इसार देतात का बघ. इसार आला तो गिऱ्हाईक, बाकीचे शुभेच्छा देणारे.

आता हप्त्याचं. 'बिनव्याजी' ह्या शब्दाला फसू नको. रोखीची सूट ३,००० सोडतोयस आणि वर ५९० भरतोयस, म्हणजे ३,५९० जास्तीचे जातात. ते पण सहा महिने पूर्ण रक्कम वापरायला मिळत नाही, कारण दर महिन्याला ५,३३३ परत जातायत. बरोबर गणित मांडलं की हा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के पडतोय. गावच्या भाषेत शेकडा साडेतीन. बचत गटातनं शेकडा दोननं काढलंस तरी ह्यापेक्षा स्वस्त! दुकानदार वाईट आहे असं नाही, तो त्याचा धंदा करतोय, पण तुझ्या खिशातनं जातंय ते व्याजच आहे.

ठेव पण मोडू नको. ती घरच्या आजारपणाला, म्हशीला काही झालं तर, अशी एकमेव गंगाजळी आहे तुझी. गरज पडलीच तर ठेव तारण कर्ज काढ, बहुतेक ठिकाणी ठेवीच्या व्याजापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त लावतात आणि ठेव तशीच चालू राहते. (जाता जाता एक महत्त्वाचं: बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँक असली तरी, पण पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. ह्या ठेवीची मुदत संपली की निम्मी तरी बँकेत हलव.)

मग पैसे कुठनं? दिवाळीला दूध फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर संघ देतो ती जादा रक्कम, येतोच, तू लिहिल्याप्रमाणं गेल्या वर्षी १८,००० आला होता. दर दहा दिवसांच्या बिलातनं १,००० बाजूला काढलास तर आत्तापासनं तीन महिन्यांत ९,००० होतात. झाले २७,०००. उरलेले १२,००० ठेव तारण घे, चार महिन्यांनी ऊस बिल आल्यावर फेड, १० टक्क्यांनी व्याज ४०० च्या आसपास होईल. ३,५९० कुठं आणि ४०० कुठं. फरक कमी आला तर मशीन महिनाभर पुढं ढकल. आणि तसंही पावसात हे मशीन पडूनच राहणार, कामाचे दिवस दिवाळीनंतर मे पर्यंतचे, मग आत्ता घेऊन त्याला गंज कशाला चढवायचा.

एकदा तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) ह्या मशीनला अनुदान बसतंय का विचार. पण लक्षात ठेव, पूर्वसंमती यायच्या आधी घेतलेल्या मशीनला अनुदान मिळत नाही. म्हणजे आधी विचार, मग घे.

८,५०० च्या मशीनबद्दल. माझ्या मामांनी आजऱ्यात असंच ऑनलाइन मागवलं होतं. हौसेनं बॉक्स उघडला, मोटरसायकलसारखं सरळ पेट्रोल टाकलं, पहिल्याच निलगिरीवर अर्ध्या तासात मशीन जाम. मी ते लक्ष्मीपुरीत एका मिस्त्रीकडं घेऊन गेलो, त्यानं सायलेन्सर सोडला आणि बॅटरी आत मारून दाखवली. पिस्टनवर उभ्या रेघा, नखानं लागतील एवढ्या खोल, जसं कुणी खिळ्यानं ओरबाडलंय. टू स्ट्रोक इंजिनला वेगळं ऑइल चेंबर नसतंय, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच त्याचं वंगण, ते नाही म्हणजे धातूवर धातू. चूक मामांची होती, पण समजावून सांगायला दुकानदार नव्हता आणि पिस्टन-सिलिंडरचा सेट शोधायला दीड महिना गेला. तुला धंदा करायचाय, हंगामात दीड महिना मशीन बंद म्हणजे वहीतलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडं गेलं. जास्तीचे २०,००० तू जवळच्या सर्व्हिसला आणि स्पेअरला देतोयस असं समज. आणि ५८ सीसी म्हणजे ताकद जास्त हे खरं, पण वजन पण जास्त, शिकणाऱ्याच्या हातात ते लवकर थकवतंय आणि थकलेल्या हातात चेनसॉ धोक्याचा.

घेतल्यावर पहिले काही दिवस जपायचे, हे पैशाचंच बोलतोय मी. मिक्सचं प्रमाण मॅन्युअल सांगेल तेच. बहुतेक चांगल्या मशीनला कंपनीच्या ऑइलबरोबर ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. साधं ऑइल आणि २५:१ असेल तर ४० मिली. वेगळ्या कॅनमध्ये मिसळ, हलव, मग टाकीत ओत, अंदाजानं झाकणभर टाकू नको. पहिल्या तीन टाक्या होईस्तोवर झाडात न घालता नुसतं मोकळं फुल्ल रेस करायचं नाही, पोरं जमली की आवाज दाखवायचा मोह होतोय, तो आवर. मोठा कट संपला की लगेच बंद न करता थोडं हळू चालू ठेव म्हणजे इंजिन निवतंय.

चेन ऑइल बारला पोचतंय का हे बघायला बारचं टोक जुन्या वर्तमानपत्रावर धर, न टेकवता, आणि थोडी रेस दे. कागदावर ऑइलची बारीक रेघ उठली पाहिजे. नाही उठली तर काम बंद, नाहीतर बार आणि चेन दोन्ही जातात. नवी चेन पहिल्या दिवशी सारखी सैल होते, दर थोड्या वेळानं बंद करून, निवल्यावर, ताण बघ. संध्याकाळी काम संपलं की थोडी सैल सोडून ठेव, गार होताना ती आकसते. आणि खाली पडणारा भुसा बघत जा. चिपा पडत असतील तर चेन धारेवर आहे, पिठासारखा भुसा पडायला लागला की कानस काढ. बोथट चेननं रेटत बसलास तर पेट्रोल, बार, इंजिन आणि खांदा, चारही खर्चात. बांधावरच्या बाभळीत जुनी तार, खिळा असतोच, आधी हात फिरवून बघ.

पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून ठेव. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतंय, आपल्याच उसाचं, पण ते ओलावा धरतंय आणि कार्ब्युरेटर खराब करतंय. मिक्स केलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवू नको.

आता जोखमीचं, हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतंय. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देते, बँक खात्यातनं सुरू कर. सातबारावर नाव असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेची कागदपत्रं घरच्यांना माहीत करून ठेव. पण ह्या दोन्ही तुझ्या अंगाच्या. झाड शेजाऱ्याच्या कौलावर किंवा लाइटच्या तारेवर पडलं तर ते तुझ्याच खिशातनं, २७ दिवसांची कमाई एका फांदीत जाईल. तारेजवळचं झाड महावितरणनं लाइन बंद केल्याशिवाय हातात घ्यायचं नाही, कितीही पैसे देत असले तरी. आणि साग, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, खैर असली झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगी लागते. बाहेरचं काम घेताना परवानगीच्या कागदाची झेरॉक्स आधी हातात, मग मशीन चालू.

मशीन घ्यायच्या आधी एक कर. तुझा नेहमीचा मशीनवाला पुढच्या वेळी येईल तेव्हा दोन दिवस त्याच्या हाताखाली राहा, तो बारचं टोक कसं वर उडू देत नाही, कुठं उभा राहतो, दिवसाला किती ऑइल ओततो हे बघ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठ काय म्हणते ते पण कळेल.

नवरात्रापर्यंत वही भर आणि किती दिवसांचं काम आणि किती जणांचा इसार आला तेवढं कळव. २० दिवसांच्या खाली राहिलं तर ह्या वर्षी राहू दे, फरकाचे पैसे तसेच ठेवू. वर गेलं तर दुकानदाराचं कोटेशन मला पाठव, त्यातनं काय कमी करून मागायचं ते बघू.