वय झालेल्या रॉक बँडला ऐकायला पैसे घालावेत का? नेरुळला यू टू ऐकल्यावरचं माझं मत

तुम्ही विचारलंय की, ज्यांची गाणी ऐकत आपण मोठे झालो ते रॉकवाले आता साठीच्या आसपास आहेत, आवाज पूर्वीचा राहिलेला नाही. मग ते भारतात आले तर एवढं महाग तिकीट काढून जावं, की जुन्या रेकॉर्डिंगवर समाधान मानावं? आणि कोणी असा आवडता बँड खूप वर्षांनी प्रत्यक्ष ऐकलाय का?

मी ऐकलाय, आणि माझं म्हणणं आहे की जरूर जा. आवाज उतरलाय या भीतीने तर अजिबात थांबू नका.

15 डिसेंबर 2019, रविवार. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. यू टू त्या दिवशी भारतात पहिल्यांदाच वाजवणार होते आणि तो त्यांच्या ‘द जोशुआ ट्री’ दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम होता. 1987 चा तो अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवायचा, असा तो दौरा. आमच्या घरात हा अल्बम दादाने आणला. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली कॅसेट. ती इतकी वाजली की दुसऱ्या बाजूची टेप ताणली जाऊन गाणी लहरायला लागली होती. (ऱ्हिदम हाऊस 2016 साली बंद झालं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.) तेव्हा हे चौघे कधी आपल्याला दिसतील असं मनातही आलं नव्हतं. डब्लिनचा बँड, आम्ही ठाण्याच्या नौपाड्यात. आणि शेवटी ते वाजवायला आले कुठे, तर आमच्या ट्रान्स-हार्बर लाइनवर! ठाण्याहून नेरुळची गाडी पकडायची आणि उतरून गर्दीच्या मागे चालत सुटायचं.

आम्ही मैदानात उभं राहायचं तिकीट काढलं होतं. मुख्य स्टेजच्या मागे सुमारे 200 फूट रुंद पडदा होता, पण सुरुवातीला त्याच्यावर काहीच नव्हतं. मुख्य स्टेजसमोर, गर्दीच्या आत घुसलेलं एक छोटं स्टेज होतं, जोशुआच्या झाडाची सावली पडावी तशा आकाराचं. तिथे आधी एकटा लॅरी म्युलन आला, ड्रमवर बसला आणि ‘संडे ब्लडी संडे’ सुरू झालं. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत 1972 साली सैनिकांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, त्यावरचं हे गाणं. मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी लॅरीचे ड्रम स्टुडिओच्या जिन्याजवळ मांडले होते, म्हणून त्या ठोक्यांना तो दगडी घुमारा आहे. नेरुळला तोच ठोका पन्नासेक फुटांवरून थेट छातीवर आदळत होता. त्याच्या मनगटाची उचल दिसत होती. दादा गाणं संपेपर्यंत माझा खांदा धरून उभा होता.

आता तुमच्या मुद्द्याकडे येतो. त्यांचा गायक बोनो तेव्हा 59 वर्षांचा होता. वरच्या पट्टीत काही ठिकाणी तो सूर तोडत होता, काही ठिकाणी लोकांना गायला लावत होता. हे ऐकू येतंच, लपवण्यात अर्थ नाही. पण याच अल्बममधलं ‘रेड हिल मायनिंग टाउन’ घ्या. ब्रिटनमधल्या 1984 च्या खाणकामगारांच्या संपावरचं गाणं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्याची पट्टी इतकी चढी आहे की रोज रात्री उभं राहून ते गाणं झेपण्यासारखं नव्हतं. अल्बम आल्यापासून तब्बल तीस वर्षं, 2017 चा दौरा सुरू होईपर्यंत, त्यांनी ते एकदाही लोकांसमोर वाजवलं नाही. मग वाजवलं ते पितळी वाद्यांची साथ जोडून. गाणारा साठीकडे झुकलाय हे मान्य करूनच त्यांनी त्याची मांडणी केली होती. रेकॉर्डवर ती एका तरुणाची किंकाळी आहे. नेरुळला ऐकलं ते मात्र संसार मोडताना पाहिलेल्या माणसाचं गाणं वाटलं. मला हे दुसरं जास्त खरं वाटतं. हे ऐकायला त्या मैदानातच असायला हवं होतं.

आपल्याकडे हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. सत्तरी पार केलेले गवई गायला बसले की पूर्वीची तान नाही म्हणून कोणी उठून जात नाही. उलट, आता ते काय गाळतात आणि कशावर थांबतात हे ऐकायलाच लोक पुढच्या रांगा धरतात. रॉकच्या बाबतीत आपण एवढे कठोर का होतो, मला कळत नाही.

दुसरी गोष्ट, एकत्र वाजवण्याची. हे चौघे 1976 पासून एकमेकांबरोबर वाजवतायत, माणसं तीच. त्यांचा गिटारवाला एज, त्याची गिटार ऐकताना हे फार जाणवतं. ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’च्या सुरुवातीला जो सुरांचा झरा लागतो, त्यातले निम्मे सूरच त्याची बोटं छेडतात. बाकीचे डिले नावाच्या यंत्रातून परत येतात, एका ठोक्याच्या साधारण पाऊण अंतराने, आणि मूळ सुरांच्या मधल्या फटीत बसतात. म्हणजे एज स्वतःच्याच प्रतिध्वनीबरोबर वाजवत असतो, आणि लॅरी व बेस गिटारवाला अ‍ॅडम क्लेटन यांना लय त्या प्रतिध्वनीशी जुळवून ठेवावी लागते. एक जण जरा पुढे गेला की सगळं विस्कटणार. याच गाण्यावर रेकॉर्डिंगच्या वेळी इतके दिवस गेले होते की निर्माता ब्रायन ईनो टेपच पुसून टाकायला निघाला होता, तिथल्या इंजिनियरने त्याला अडवलं. नेरुळला चौघे लाल पडद्यासमोर ओळीने उभे राहिले, पडद्यावर काळं झाड, आणि ईनोचे ते ऑर्गनसारखे लांबलचक सूर सुरू झाले. मग गिटार. मी रडलो. आजूबाजूचे बरेच जण रडत होते, त्यात माझ्याहून वयाने मोठे गृहस्थ होते आणि कॉलेजातली मुलंही होती.

त्याच रात्री ए. आर. रहमान आपल्या मुलींसह स्टेजवर आले आणि यू टूबरोबर ‘अहिंसा’ हे गाणं झालं. हे इतर कुठल्या शहरात घडणार नव्हतं.

‘पुढच्या वेळी आले की जाऊ’ हा विचार मात्र मनातून काढून टाका. 2023 च्या सप्टेंबरात यू टूने लास व्हेगासच्या स्फिअर या सभागृहात कार्यक्रम सुरू केले तेव्हा ड्रमवर लॅरी नव्हता, शस्त्रक्रियेमुळे त्याला बाहेर राहावं लागलं. बदली ड्रमर चांगला होता, पण ‘ते चौघे’ नव्हते. नेरुळला ज्यांनी ‘एवढ्या गर्दीत कोण जाणार’ म्हणून तिकीट काढलं नाही, त्यांच्यातल्या काहींना मी ओळखतो. ते अजून हळहळतात.

जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. पैसे मर्यादित असतील तर लांबच्या महाग खुर्चीपेक्षा मैदानात उभं राहायचं तिकीट बघा, पाय दुखतील पण माणसं दिसतील. फार लांबून पडदा आणि आवाज यांचा मेळ बसत नाही. शंभर मीटर अंतर कापायला आवाजाला सुमारे 0.3 सेकंद लागतात, त्यामुळे पडद्यावर काठी आधी पडते आणि ठोका मागून येतो. लवकर पोचा, पोटभर खाऊन जा, कानात घालायला बोळे ठेवा. यू टूच असतील तर स्टेजकडे तोंड करून डाव्या हाताला जागा धरा, एज त्या बाजूला उभा राहतो. आणि घरात ज्याने तुम्हाला ती गाणी पहिल्यांदा ऐकवली त्याचंही तिकीट काढा, त्याने नको म्हटलं तरी.