ऑपेराच्या चित्रपटात कंडक्टर स्वतः पडद्यावर आल्याचं उदाहरण आहे का?

तुम्ही विचारलंय, की ऑपेरावर निघालेल्या चित्रपटांत वाद्यवृंदाचा कंडक्टर स्वतः कधी पात्र म्हणून दिसलाय का, की तो कायम पडद्यामागेच. दिसलाय. आणि गर्दीत उभा राहून ओझरता नव्हे, चांगली मोठी भूमिका घेऊन. मला हा चित्रपट फार जवळचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

चित्रपट म्हणजे जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरावरचा 'पार्सिफाल', १९८२ सालचा. दिग्दर्शक जर्मन, हान्स-युर्गन झीबरबर्ग. वाद्यवृंद माँटे कार्लोचा आणि कंडक्टर स्वित्झर्लंडचे आर्मिन जॉर्डन. या ऑपेरात अम्फोर्टास नावाचा राजा आहे. एका मोहाच्या क्षणी त्याला भाल्याची जखम झालीय आणि ती काही केल्या भरत नाही. पडद्यावर हा राजा झालेत स्वतः जॉर्डन. पण आवाज त्यांचा नाही. तो व्होल्फगांग श्योने या गायकाचा. म्हणजे गाणं दुसऱ्याचं, ओठ कंडक्टरचे, आणि मागे वाजणारा सगळा वाद्यवृंद त्याच कंडक्टरच्या हाताखाली आधी वाजून गेलेला.

आपल्याला पार्श्वगायनाची सवय असल्यामुळे यात नवल वाटणार नाही. मलाही आधी वाटलं नव्हतं. पण मी मुंबईत डबिंगच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करते, आणि दिवसभर ओठांकडे बघायची सवय घरी आल्यावरही सुटत नाही. ओठ जुळवणं तितकं अवघड नसतं. फसतो तो श्वास. कलाकार शब्द ऐकून तोंड हलवतो तेव्हा शब्द बरोबर पडतो, पण त्याच्या आधीचा श्वास राहून जातो. छाती स्थिर आणि आवाज सुरू, असं झालं की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं वाटतं.

जॉर्डन यांच्या बाबतीत मला हे एकदाही जाणवलं नाही. पहिल्या अंकात अम्फोर्टासचा मोठा विलाप आहे, दया मागणारा. तिथे ओळ सुरू व्हायच्या जराशी आधी त्यांची छाती भरते, हनुवटी किंचित वर जाते, आणि मग आवाज येतो. कंडक्टर नेमकं हेच करत असतो. त्याचा हात वर जातो ती समेआधीची उचल, आणि गायक श्वास घेतो तो त्या उचलीबरोबर. तबलजीने उठाण घेतली की सम कुठे येणार हे आपल्याला आधीच कळतं, तसंच. हा श्वास कुठे घ्यायचा हे ज्या माणसाने ध्वनिमुद्रणाच्या वेळी ठरवलं, तोच इथे तो श्वास घेतोय. मी तो भाग आवाज बंद करून पाहिला, तरी लय कळत होती.

आणि ती जखम! झीबरबर्गने ती राजाच्या अंगावर ठेवलेलीच नाही. एका उशीवर वेगळी ठेवलीय, रक्त गळणारा मांसाचा तुकडा असावा तशी, आणि लोक ती उचलून नेतात. राजा इकडे आणि त्याचं दुखणं तिकडे. या चित्रपटात सगळीच माणसं अशी दुभंगलेली आहेत. नायक पार्सिफाल आधी मुलगा असतो. दुसऱ्या अंकात त्याला मोहात पाडू पाहणारी कुंड्री त्याचं चुंबन घेते आणि त्यानंतर त्याच्या जागी एक मुलगी येते. दोघांनाही आवाज एकाच पुरुष गायकाचा, राइनर गोल्डबर्गचा. कुंड्री झालीय एडिथ क्लेव्हर ही रंगभूमीवरची अभिनेत्री, तिच्यासाठी गायलीय इव्हॉन मिंटन. मोजकेच जण स्वतः गातात आणि स्वतःच दिसतात. गुर्नेमान्झ हा वृद्ध सरदार झालेले रॉबर्ट लॉइड त्यातले एक. नेपथ्य आहे स्वतः वाग्नरच्या चेहऱ्याचं: मृत्यूनंतर घेतलेला त्याचा मुखवटा डोंगराएवढा करून त्याच्या खाचाखोचांत ही माणसं वावरतात.

आता तुमच्या प्रश्नातला 'पडद्यामागे' हा शब्द बघा. कंडक्टरला खरोखर पडद्यामागे नेलं ते वाग्नरनेच. जर्मनीतल्या बायरॉइट गावी त्याने स्वतःचं नाट्यगृह बांधून घेतलं, १८७६ मध्ये ते सुरू झालं. तिथे वाद्यवृंद रंगमंचाखाली उतरत गेलेल्या खड्ड्यात बसतो आणि वर वळणदार झाकण आहे. प्रेक्षकाला ना वादक दिसतात ना कंडक्टर. खाली इतकं उकडतं की कंडक्टर कोट काढून नुसत्या शर्टात उभे राहतात, कारण बघणारं कोणी नसतं. 'पार्सिफाल' याच नाट्यगृहासाठी लिहिलेला ऑपेरा. २६ जुलै १८८२ला तो पहिल्यांदा झाला, कंडक्टर होते हर्मान लेव्ही. त्या उन्हाळ्यात सोळा प्रयोग झाले. २९ ऑगस्टच्या शेवटच्या प्रयोगात तिसरा अंक चालू असताना वाग्नर गुपचूप त्या खड्ड्यात उतरला, लेव्हींच्या हातातली छडी घेतली आणि शेवटपर्यंत संचालन त्याने स्वतः केलं. वर बसलेल्या लोकांना काहीच दिसलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत व्हेनिसमध्ये तो गेला.

त्या पहिल्या प्रयोगानंतर बरोबर शंभर वर्षांनी त्याच ऑपेराचा कंडक्टर त्या झाकणाखालून बाहेर येतो आणि जखमी राजा होऊन सगळ्यांसमोर झोपतो. झीबरबर्गने हा विचार करूनच जॉर्डनना निवडलं असं मी म्हणणार नाही, पण मला तो प्रसंग आता या गोष्टीशिवाय बघताच येत नाही.

प्रसिद्ध कंडक्टर कारायानचं नाव यात निघणारच, म्हणून थोडक्यात. त्यांनी ऑपेराचे बरेच चित्रपट केले आणि 'कार्मेन' (१९६७), 'ओथेल्लो' यांचं दिग्दर्शनही स्वतःच केलं. पद्धत हीच, आधी ध्वनिमुद्रण आणि मग त्यावर चित्रीकरण. फरक इतकाच की तिथे गायक स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवतात. मला त्यांत सुबकपणा दिसतो, पण श्वास दिसत नाही. या पद्धतीचा खरा उपयोग केला तो दिग्दर्शक जाँ-पिएर पोनेलने. मोझार्टच्या ऑपेरावरच्या त्याच्या १९७६ च्या 'फिगारो'त पात्रं कित्येकदा ओठ मिटूनच असतात आणि गाणं मनातल्या विचारासारखं ऐकू येतं. संचालन कार्ल ब्योमचं.

याच्या अगदी उलट टोकाचं काम आपल्या मुंबईत जन्मलेल्या कंडक्टरचं आहे, झुबीन मेहतांचं. जुलै १९९२ मध्ये रोममध्ये 'तोस्का' हा ऑपेरा दूरदर्शनवर थेट प्रक्षेपित झाला. कथेत जी जागा आणि जी वेळ, त्याच जागी आणि त्याच वेळी. पहिला अंक भर दुपारी सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले चर्चमध्ये, दुसरा रात्री फार्नेझे राजवाड्यात, तिसरा दुसऱ्या दिवशी पहाटे सांत आंजेलोच्या किल्ल्यावर. डोमिंगो, मालफितानो, रायमोंडी त्या जागी गात होते. आणि वाद्यवृंद तिथे नव्हताच! तो शहरातल्या दुसऱ्याच सभागृहात मेहतांसमोर होता. मेहतांना गायक दिसत होते ते मॉनिटरवर, गायकांना मेहतांचा हात दिसत होता तोही मॉनिटरवरच. जुळलं नाही तर दुसरा टेक नाही. माझ्या कामाच्या दृष्टीने हे अंगावर काटा आणणारं आहे. पुढे याच पद्धतीने त्यांनी २००० मध्ये पॅरिसला 'ला त्राव्हियाता' आणि २०१० मध्ये मांतोव्हाला 'रिगोलेत्तो' केला. रिगोलेत्तो झाले होते डोमिंगो, तारस्वराचे गायक असून खालच्या पट्टीची ती भूमिका घेऊन.

मेहतांना पडद्यावर नीट बघायचं असेल, तर बीजिंगमध्ये १९९८ साली चिनी चित्रपट-दिग्दर्शक झांग यिमोऊबरोबर त्यांनी 'तुरांदोत' हा ऑपेरा केला, त्यावर निघालेला माहितीपट बघा. तिथे ते पात्र नाहीत, स्वतःच आहेत, तालमी घेताना.

'पार्सिफाल' सव्वाचार तासांचा आहे. एका बैठकीत जमणार नसेल तर अंकागणिक तीन दिवस करा, पण हेडफोन लावून बघा. आणि पहिल्या अंकातल्या त्या विलापाच्या वेळी नजर ओठांवर ठेवू नका, गळ्याखाली ठेवा.